पाचवी पायरी आणि चारशे बारा अंगठे

माणसाला तोंड जन्मतः मिळते, पण ते कुठे उघडावे याची समज नोकरी लागल्यानंतरच येते. ज्यांना नोकरी नाही त्यांचे हाल आपण रोज पाहतो. ती बिचारी मनात येईल ते बोलत सुटतात आणि त्यांना आवरणारे साधे परिपत्रकही कोणी काढत नाही. शिड्या बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्या सहाशे चाळीस माणसांवर ही पाळी येऊ दिली नाही. तिने वेळीच 'समाजमाध्यमांचा जबाबदार वापर : धोरण व कार्यपद्धती' हे अठ्ठावन्न पानी पुस्तक छापले आणि ते वाचून समजल्याची प्रत्येकाकडून सही घेतली. (आधी सही घ्यायची आणि मग पुस्तक द्यायचे असे ठरले होते. सह्या सहाशे चाळीस झाल्या. पुस्तके दीडशेच छापली होती.)

धोरणाची गरज कशी पडली, हेही सांगायला हवे. पॅकिंग विभागातल्या एका माणसाने जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'आज पुन्हा तेच.' दुर्दैवाने व्यवस्थापकीय संचालकांचे भाषण त्याआधी पाचच मिनिटे संपले होते. फोटोला त्रेसष्ट हसरे चेहरे मिळाले. चौकशी समिती बसली, तिच्या तीन बैठका झाल्या, डबा हजर करण्यात आला. त्या आठवड्यात घरी सलग चार दिवस एकच भाजी होती, असे त्याच्या बायकोने लेखी दिले. समितीने ते ग्राह्य मानून भाजीला दोषमुक्त केले आणि माणसाला सक्त ताकीद दिली.

धोरण मोठे उदार आहे. त्यात समाजमाध्यमाची व्याख्याच अशी केली आहे की कोणाला वगळल्यासारखे वाटू नये : 'जिथे दोन किंवा अधिक माणसे आणि किमान एक फोन असेल अशी कोणतीही जागा.' या व्याख्येत कँटीन येते, लिफ्ट येते, सासुरवाडी येते. (शयनगृहाबाबत कायदा विभागाचे मत मागवले आहे.) कंपनीच्या पोस्टला सात मिनिटांत दाद द्यायची, संचालकांच्या पोस्टला तीन मिनिटांत. दाद हुद्द्याप्रमाणे : कामगारांनी अंगठा, पर्यवेक्षकांनी टाळ्या, व्यवस्थापक आणि त्यावरच्यांनी बदाम. एका फिटरने भावनेच्या भरात बदाम दिला होता. तो काढून घेऊन त्याला पुन्हा अंगठ्यावर आणण्यात आले.

स्वतःचे मत बाळगायलाही बंदी नाही. 'म-४' हा नमुना तीन प्रतींत भरून द्यायचा, एकवीस दिवसांत उत्तर येते. मंजुरी येईपर्यंत मत मनात ठेवता येते, पण तात्पुरत्या स्वरूपात. पहिल्या वर्षी चार अर्ज आले. तीन नामंजूर झाले. चौथा मंजूर झाला, पण तोवर अर्जदाराचे मत बदलले होते आणि मत बदलण्यासाठी नमुना 'म-५' लागतो. तो अजून छापून यायचा आहे. गप्प बसून सुटका करून घेऊ म्हणाल, तर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त मौन हे प्रतिकूल मत धरले जाते.

प्रतिक्रिया शब्दांत द्यायची असेल तर मंजूर वाक्ये अकरा आहेत. 'अप्रतिम', 'अभिमान वाटतो', 'आपण सारे एक कुटुंब', 'नेतृत्वाला सलाम', 'अजून उंच', 'शब्दच नाहीत', 'हे फक्त आपल्याच कंपनीत होऊ शकते' अशी ती आहेत, आणि त्यांच्या पलीकडे माणसाला काही म्हणायचे असू शकेल असे समितीला बरेच दिवस विचार करूनही सुचले नाही. उत्पादनाविषयी वाईट लिहिणाऱ्याला मात्र नोटीस नाही, खुलासा नाही. कलम एकोणिसाप्रमाणे त्याच दिवशी घरी. आणि या सगळ्याचा हिशोब ठेवायला 'जबाबदार अभिव्यक्ती कक्ष' आहे, कक्षात एक मॅडम आहेत, आणि दर महिन्याला प्रत्येकाचे शंभरपैकी जबाबदारी-गुण फाटकाजवळच्या फलकावर लागतात.

पूर्वी ज्यांना वाचता येत नसे ते अंगठा देत. आता वाचता येणारे देतात, म्हणजे वाचावे लागत नाही. साक्षरतेचा एवढा उपयोग आधी कोणाच्या लक्षात आला नव्हता.

या फलकावर पहिल्या महिन्यात सगळ्यात खाली होता तो चाचणी शेडमधला तपासनीस. एकतीस गुण. हा गृहस्थ चोपन्न वर्षांचा, वजन अठ्ठ्याण्णव किलो, आणि हे वजन हीच त्याची पात्रता होती. शिडीवर 'शंभर किलोपर्यंत' असे छापलेले असते. अठ्ठ्याण्णव किलो तो आणि दोन किलोचा डबा हातात, असा हिशोब करून बावीस वर्षांपूर्वी त्याला घेतला होता. सगळे त्याला 'वजनदार' म्हणत. दर सहा महिन्यांनी त्याचे वजन होई आणि ते दोन किलोने जरी उतरले तरी कार्मिक विभागातून पत्र येई. डॉक्टर त्याला जेवण कमी करायला सांगत आणि कंपनी वाढवायला. त्याच्या बायकोने या दोघांमध्ये बावीस वर्षे संसार केला होता.

शेडमध्ये सिमेंटचा कोबा, एक जाड रबरी गादी आणि एक नोंदवही. दर खेपेतून सात शिड्या यायच्या. प्रत्येक पायरीवर उभे राहायचे, वीस आकडे मोजायचे, एकदा उडी मारायची. बावीस वर्षांत तो एकतीस वेळा पडला होता आणि प्रत्येक वेळी त्याने वहीत त्याच धाटणीने लिहिले होते : 'पडलो. पायरी तिसरी.' 'पडलो. पायरी आठवी.' त्या ओळीखाली मुख्य कार्यालयाची सही यायची आणि आराखड्यात कुठेतरी काहीतरी बदलायचे. एखादा पत्रा जाड व्हायचा, एखादा रिव्हेट वाढायचा. आपण गादीवर पडतो म्हणून बाकीचे लोक फरशीवर पडत नाहीत, याचा त्याला मनापासून अभिमान होता. तो त्याने कधी बोलून दाखवला नाही. बोलायचे ठरवले असते तरी अकरा वाक्यांत बसला नसता.

फोनचे मात्र त्याला जमेना. बोटे जाड. अंगठा द्यायला गेला की भलतेच काही उमटायचे. संचालकांच्या वाढदिवसाला त्याच्या हातून लाल, संतापलेला चेहरा गेला तेव्हा बायकोने फोन काढून घेतला.

"अहो, द्या इकडे. नोकरी घालवाल एक दिवस."

"अगं, पण ते मीच करायचं असतं."

"तुम्ही शिड्यांवर नाचा. हे मी बघते."

तेव्हापासून त्याचे खाते तिच्या फोनवरही चालू झाले आणि कंपनीला एक फार कर्तबगार कर्मचारी मिळाला. कणीक मळता मळता, कपडे वाळत घालता घालता ती नवऱ्याच्या नावाने अंगठे देई. दुसऱ्या महिन्यात एकसष्ट गुण, तिसऱ्यात चौऱ्याण्णव. मॅडमनी तपासनिसाला बोलावून घेतले आणि 'तुमच्या व्यक्तिमत्त्वात केवढा फरक पडलाय' म्हणून कौतुक केले. तो लाजला. त्यालाही तसे वाटू लागले होते.

याच सुमारास कंपनीच्या लक्षात आले की शिडीवर चढलेला माणूस निदान अर्धा तास समाजमाध्यमांपासून दूर राहतो. उंचीवर गेला म्हणून जबाबदारी संपते की काय? त्यातून 'संवाद-१०' ही नवी शिडी जन्माला आली. दहा पायऱ्या, आणि वरच्या टोकाला फोन अडकवायचा होल्डर.

आता मंजूर आराखड्यात एका शिडीला रिव्हेट चाळीस, पायरीला चार. एकेचाळिसावा लावायचा तर आराखडा पुन्हा मंजुरीला जातो आणि मंजुरीला सहा महिने लागतात. होल्डरला रिव्हेट हवे होते दोन. मग ते पाचव्या पायरीतून घेतले. पाचवीच का, तर ती मधली. चढणारा माणूस तिथे थांबत नाही, पाय टेकवतो आणि पुढे जातो. विचार अगदी बिनतोड होता. फक्त होल्डर अशा उंचीवर आला की फोन नीट तोंडासमोर हवा असेल तर माणसाने पाचव्याच पायरीवर उभे राहावे.

चाचणीला सात शिड्या आल्या. पहिल्या शिडीच्या पाचव्या पायरीवर तपासनिसाने अकरापर्यंत मोजले आणि तो गादीवर आला. उठला, पाठ चोळली, वहीत लिहिले, दुसरी शिडी लावली. सातपैकी चार शिड्यांनी त्याला खाली आणले. एकाच पानावर चार वेळा 'पडलो. पायरी पाचवी.' असे पान वहीत पूर्वी कधी नव्हते. एकेकाळी या पानाने सगळा कारखाना थांबला असता.

वही दुसऱ्या दिवशी परत आली. पानाखाली सहीच्या जागी निळा अंगठा उमटवलेला होता. (सह्या करण्यात वेळ जातो म्हणून मुख्य कार्यालयाने अंगठ्याचा रबरी शिक्का करून घेतला होता.) शिड्या त्याच दुपारी बाजारात रवाना झाल्या. तपासनीस गुणवत्ताप्रमुखांकडे गेला.

"साहेब, पाचवी पायरी सुटतेय. चार वेळा पडलो."

"लागलं का?"

"नाही, गादी आहे ना."

"मग?"

"गिऱ्हाइकाकडे गादी नसते, साहेब."

साहेबांनी फोनवरून मान वर केली. हा मुद्दा त्यांच्यासमोर पहिल्यांदाच येत होता. "असं करा, हे ग्रुपवर टाका. मी आता ग्रुपच बघतो. वह्याबिह्या बघायला वेळ कुठे असतो?"

ग्रुपवर टाकायचे तर मॅडमची परवानगी हवी. मॅडमनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे तुम्हाला उत्पादनाबद्दल नकारात्मक लिहायचंय."

"नाही हो, मला फक्त पायरीबद्दल लिहायचंय."

"पायरी उत्पादनातच येते ना? कलम एकोणीस." त्यांनी पुस्तकाचे पान उघडून त्याच्याकडे फिरवले. "आणि घरीही बोलू नका हं. कुटुंबीय धरलेत त्यात. तुम्ही चौऱ्याण्णववाले आहात, तुम्हाला मी काय सांगायचं? अकरातलं काय हवं ते लिहा की. फक्त मनापासून लिहा."

तपासनीस जेवणाच्या सुट्टीत अकरा वाक्ये समोर घेऊन बसला. डबा तसाच राहिला. शेवटी संवाद-१०च्या फोटोखाली त्याने स्वतःच्या हाताने निवडून टाकले : 'हे फक्त आपल्याच कंपनीत होऊ शकते.' त्याला एकशे चाळीस अंगठे पडले आणि गुणवत्ताप्रमुखांनी बदाम दिला. दुसऱ्या दिवशी त्याने जरा कडक भाषा वापरली : 'शब्दच नाहीत.' त्याला खुद्द संचालकांचा बदाम आला. यापुढे काय करावे ते त्याला कळेना. त्याने हात टेकले.

घरी तो काही बोलला नाही. इथे तो चुकला, आणि पुढे त्याने ते स्वतःच कबूल केले. नोकरीची चार वर्षे राहिली होती, कलम एकोणीस डोळ्यांपुढे होते, आणि खरे सांगायचे तर फाटकाजवळच्या फलकावर आपले नाव वर बघायची त्याला गोडी लागली होती. रात्री बायकोने 'पाठीला काय झालं?' विचारले तर म्हणाला, "काही नाही, जरा अवघडली."

बायकोनेही त्याला एक गोष्ट सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे, सांगण्यासारखी वाटली नाही म्हणून. महिन्याला पाच नातेवाइकांना उत्पादन सुचवायचे असा नियम होता. तिने नवऱ्याच्या खात्यावरून पाच जणांना संवाद-१०चा फोटो पाठवला होता, खाली कंपनीने दिलेला मजकूर : 'माझ्या माणसांसाठी माझी निवड.' त्या पाचांत तिचा धाकटा भाऊ होता. घरे, दुकाने, दवाखाने रंगवणे हा त्याचा धंदा.

सोमवारी सकाळी अकरा एकतीसला नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. मेहुणा, डोक्याला फडके, हातात ब्रश, दात काढून हसतोय. फोटो शिडीच्या होल्डरमधूनच घेतला होता. खाली लिहिले होते : 'नवी शिडी. भाऊजींनी सांगितली म्हणजे बघायलाच नको. आजपासून कामाला.'

तपासनिसाने तो पाहिला. बावीस वर्षे शिड्यांवर काढली, पण जमिनीवर उभे असताना पडल्यासारखे त्याला पहिल्यांदाच वाटले. त्याने मेहुण्याला फोन लावला. अकरा तेहेतीस, अकरा चौतीस, अकरा छत्तीस, अकरा सदतीस. मेहुण्याचे हात रंगात असले की तो फोन उचलत नाही, हे सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक होते. फोन उचलायचा तर पडद्यावर बोट ओढावे लागते, पडदा खराब होतो. एक वाजता हात धुतल्यावर तो सगळ्यांना उलट फोन करायचा. ग्रुपवर मात्र तो दिवसभर हजर. अंगठा द्यायला नुसते दाबायचे असते, त्यामुळे तो नाकाने द्यायचा. नाकाने दाबताना पडदा डोळ्यांच्या इतका जवळ येतो की वाचता काही येत नाही, पण त्याने त्याचे आजवर काही अडले नव्हते.

तेव्हा राहिला ग्रुप. ग्रुपमध्ये एकतीस माणसे, त्यातली दोन कंपनीतलीच. तपासनीस गादीवर बसला. चार वर्षे, कलम एकोणीस, चौऱ्याण्णव गुण, सगळे त्याच्या डोक्यात फिरून गेले. तेवढ्यात जवळजवळ एक मिनिट गेले, आणि त्या मिनिटाबद्दल त्याने स्वतःला अजून माफ केलेले नाही. मग त्याने जाड बोटाने एकेक अक्षर शोधून लिहिले :

'त्या शिडीवर चढू नकोस. पाचवी पायरी निघते. मी चार वेळा पडलो आहे. लगेच खाली उतर.'

परवानगीशिवाय लिहिलेले त्याच्या आयुष्यातले हे पहिले वाक्य. अकरा एक्केचाळीसला ते गेले. त्याने डोळे मिटून घेतले आणि आता आपले घर उन्हात बांधले गेले, नोकरी गेली, असे धरून चालला.

घडले काहीच नाही. म्हणजे अंगठे आले. चौऱ्याण्णव गुणवाल्याच्या खात्यावरून रोज काही ना काही यायचे, रोज त्याला अंगठा द्यायचा, हे सगळ्यांच्या हाडीमाशी खिळले होते. मोठ्या बहिणीचा अंगठा. चुलत भावाचा अंगठा. मावशींनी हात जोडले. साडूने 'अप्रतिम' लिहिले. कंपनीतल्या दोघांनी तर सात मिनिटांची वाट न पाहता पहिल्याच मिनिटात कर्तव्य उरकले. बायकोने घरी गॅसपाशी उभ्या उभ्या स्वतःच्या नावाने अंगठा दिला, फोन ठेवला, आणि मग तिच्या मनात आले की हे मी तर लिहिले नव्हते. तिने फोन पुन्हा उचलला आणि वाचले. त्या ग्रुपवर ते वाचणारी ती पहिली, आणि तिने भावाला फोन लावला तेव्हा अकरा चव्वेचाळीस झाले होते.

अकरा बेचाळीसला मेहुण्याचा अंगठा आलेला होता.

तो एका दवाखान्याची प्रतीक्षाखोली रंगवत होता. पडायला याहून सोयीची जागा मिळाली नसती, असे कंपनीने नंतर आपल्या टिपणात नमूद केले. (दवाखाना दातांचा होता.) उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले आणि खांदा निखळला. खांदा बसवला, मनगटात धातूची पट्टी घातली. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितले की हात चालेल, जेवता येईल, सही करता येईल. खांद्याच्या वर मात्र आता जाणार नाही. रंगाऱ्याला छत लागते, हे डॉक्टरांच्या कागदावर कुठल्याच रकान्यात येत नव्हते.

संध्याकाळी तपासनीस खाटेजवळ जाऊन बसला. बायको पायाशी होती, सकाळपासून रडून तिचा चेहरा सुजला होता. "मीच सुचवली रे तुला," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मेहुण्याने तपासनिसाकडे मान वळवली. "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग कळवायचं होतं की हो."

तपासनिसाने फोन काढला, ग्रुप उघडला आणि त्याच्या डाव्या हातात दिला. मेहुण्याने वाचले. मजकूर वाचला, खाली नावे वाचली, स्वतःचे नाव वाचले, वेळ वाचली. मग फोन पोटावर ठेवून तो छताकडे बघत राहिला.

"मी वाचलं नाही, भाऊजी. तुमचं होतं ना, म्हणून दिला अंगठा."

तपासनिसाला त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून मॅडमकडे गेला. पोस्ट दाखवली, कलम एकोणीस सांगितले, काय ती कारवाई करा म्हणाला. मॅडमनी कारवाईची तयारी सुरूही केली. पण कलम एकोणिसाखाली मजकूर प्रतिकूल असल्याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे किमान एक प्रतिकूल प्रतिक्रिया. ग्रुपवर अठ्ठावीस अंगठे, एक 'अप्रतिम', एक जोडलेले हात. प्रतिकूल शून्य. शिवाय साडूने ती पोस्ट आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर ढकलली होती, तिथून ती शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडे, तिथून सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाकडे गेली होती. कक्षाचे यंत्र शब्द मोजत नाही, अंगठे मोजते. महिनाअखेरीला आकडा चारशे बारावर थांबला. कंपनीच्या इतिहासात एखाद्या कर्मचाऱ्याने उत्पादनाविषयी लिहिलेल्या कुठल्याही पोस्टला एवढी दाद मिळाली नव्हती.

तपासनीस 'वर्षातील सर्वाधिक जबाबदार कर्मचारी' ठरला.

समारंभ मोठ्या सभागृहात झाला. त्याला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा त्याने खिशातून फोन काढला आणि ती पोस्ट मोठ्याने वाचली. त्या शिडीवर चढू नकोस. पाचवी पायरी निघते. ऐकू गेले नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "माझा मेहुणा पडलाय हो. ती शिडी अजून विकली जातेय. कोणीतरी ऐका." सभागृहात सहाशे माणसे होती आणि सहाशे फोन वर धरलेले होते. चित्रीकरण चालू असताना बोलले तर आवाज घुसतो म्हणून कोणी हूं की चूं केले नाही. चित्रफीत त्याच दुपारी कंपनीच्या पानावर चढली. संचालकांनी बदाम दिला आणि खाली लिहिले, 'अभिमान वाटतो.' संवाद-१०ची मागणी त्या आठवड्यात तिप्पट झाली. वाढीव मागणी भागवण्यासाठी चाचणीच्या शिड्या सातवरून दोनवर आणण्यात आल्या.

सन्मानचिन्ह म्हणून त्याला एक चौकट मिळाली. आत चारशे बारा जणांची छापील यादी, नाव आणि वेळ यांसह. मेहुण्याला आता कामावर जायचे नसते, त्यामुळे संध्याकाळी तपासनीस चौकट घेऊन त्याच्याकडे जातो आणि दोघे यादी वाचतात. एवढ्या माणसांत एकाने तरी वाचून मग अंगठा दिला असेल, तो कोण, एवढेच त्यांना शोधायचे आहे. तपासनीस बोट ठेवून नाव वाचतो, मेहुणा विचार करतो, ओळखीचे असेल तर नाही अशी मान हलवतो आणि पुढचे नाव घ्यायला सांगतो.

तुम्ही दोनशे सहासष्टावे आहात. वेळ सकाळी नऊ बारा. पोस्ट कुठल्या ग्रुपवर आली होती ते तुम्हाला आठवणार नाही, त्या दिवशी अंगठा देण्यासारखे इतरही बरेच काही आले होते. तुमच्या नावाशी बोट आले तेव्हा मेहुणा उशीवरून थोडा उठला.

"हे वाचणारे दिसतात, भाऊजी. गोष्टीबिष्टी वाचतात म्हणे. यांनी नक्की वाचलं असेल, नाही?"

तपासनिसाने तुमच्या नावाकडे बराच वेळ बघितले. मग त्याने 'हो' म्हटले. त्याला मेहुण्याचे मन मोडवेना.